छताला लावलेलं सील

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून ही वही. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली, त्यात एवढं कळलं की जे लिहून ठेवलं नाही ते घडलंच नव्हतं असं लोक बिनदिक्कत सांगतात. तेव्हा लिहितो.

सकाळी साडेनऊला आठ माणसं काचेची एक टाकी घेऊन जिना चढली. माशांची टाकी. आमच्या हॉलच्या बरोबर डोक्यावर एक एकटा इसम राहतो, दातांच्या कवळ्या बनवतो. चाळिशीचा, बोलायला मऊ, पायात कायम सपाता. दिवसभर लोकांचे खोटे दात घासून याचं पोट भरतं पण मन भरत नाही, म्हणून आता मासे. माणसं जिन्याच्या वळणावर दम खायला थांबली तेव्हा मी टेप लावून घेतला. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. कवळीवाला घाबरून म्हणाला, "काका, चरा पडलाय का कुठं?" याची झेप चऱ्यापर्यंतच.

जेवणाआधी वजन काढलं. पाणी सहाशे ऐंशी किलो. काच एकशे तेवीस. वाळू आणि दगड शंभर धरू. लोखंडी स्टँड सत्तावन्न. एकूण नऊशे साठ. म्हणजे टनाला चाळीस किलो कमी. हे सगळं डोक्यावर घेऊन मी खाली आरामखुर्चीत पेपर वाचायचा, अशी या गृहस्थाची कल्पना दिसते.

हिला आकडा सांगितला. हिने विचारलं, "मासे कुठले आणणार आहेत?"

चाळीस वर्षं एका निरीक्षकाबरोबर संसार करून बाईला सुचलेला प्रश्न हा.

५ फेब्रुवारी, बुधवार

वर जाऊन आलो. कवळीवाल्याने खुर्ची दिली, चहा विचारला. असल्या गोडव्याला मी भुलत नाही. चौतीस वर्षं ज्या ज्या दुकानदाराने मला खुर्ची दिली, त्याच्या तराजूखाली काहीतरी चिकटवलेलं असायचं.

"वजनाचा विचार केलायस का?" मी विचारलं.

"केला ना काका. म्हणूनच इथं ठेवलीय, भिंतीला लावून." त्याने टाकीमागच्या भिंतीवर थाप मारली. ही त्याच्या बैठकीची आणि मागच्या खोलीची मधली भिंत. "इमारतीचा नकाशा मागवून बघितला. या भिंतीच्या बरोबर खाली तुमच्याकडेही भिंतच आहे, नऊ इंची. तिच्याखाली पाया. म्हणजे सगळा भार सरळ जमिनीत. खोलीच्या मधोमध ठेवली असती तर मलाच झोप लागली नसती."

मला हसू आवरेना. माझ्याकडे भिंत! ती अकरा वर्षांपूर्वीच पाडून मी हॉल केला आहे. हा शहाणा चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदावर विसंबून बसला, दहा पायऱ्या उतरून बघायचे कष्ट घेतले नाहीत. माझ्या घरात काय आहे आणि काय नाही हे याला सांगत बसायला मी बांधील नाही. चहा न घेता उतरलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

हॉलबद्दल लिहून ठेवायला हवं, कारण उद्या नुकसान झालं तर कशाचं झालं हे कळलं पाहिजे.

इमारतीत घरं चार. बाकी तिन्ही घरांत पुढे अरुंद बैठक आणि मागे कोंदट खोली. आमच्याकडेही तसंच होतं. ती मागची खोली हिची. हिचं शिवणाचं मशीन, कापडाची गाठोडी, दोऱ्यांचे डबे. निवृत्तीनंतर खात्यातली माणसं सल्ल्याला येतील, त्यांना ऐसपैस बसता यावं म्हणून मी मधली भिंत काढली. इतक्या वर्षांत फारसं कुणी आलं नाही. तो खात्याच्या घसरलेल्या दर्जाचा प्रश्न आहे, हॉलचा नाही.

गवंडी मोठा विद्वान मिळाला होता. भिंतीवर हात फिरवून म्हणतो, "साहेब, ही काढू नका. वरची भिंत हिच्यावर बसलीय." काम अंगावर आलं की ही माणसं एका मिनिटात इंजिनिअर होतात. मी म्हटलं, काढ. मग म्हणे लोखंडी गर्डर टाकावे लागतील, आठ इंची, दोन. हॉलच्या मधोमध छताला एवढं धूड लोंबत ठेवायचं असेल तर भिंत काय वाईट होती? शेवटी त्याचं तोंड बंद करायला एक गर्डर मंजूर केला, तोही सहा इंची. वरून प्लास्टर, रंग. आज कुणाला सांगूनही खरं वाटत नाही की तिथं भिंत होती.

हिने तेव्हा विचारलं होतं, "माझं मशीन कुठं ठेवायचं?" जिथं भिंत होती तिथंच, खिडकीकडच्या टोकाला ठेवलं. वर कापड, कापडावर फुलदाणी. बटण लावायचं असलं की फुलदाणी उतरवून ही तिथंच बसते. कसलीही अडचण नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तडा. गर्डरच्या प्लास्टरला, बरोबर मधोमध, आडवा. केसाएवढा, लांबी वीतभर.

वर टाकी येऊन नऊ दिवस. यापेक्षा उघड पुरावा कोर्टालाही लागत नाही. स्टूल घेतलं, लाखेची जुनी कांडी शोधली, मेणबत्तीवर वितळवली आणि तड्यावर आडवं सील लावलं. खात्याचा पितळी शिक्का परत केला होता, म्हणून अंगठ्याने दाबलं. खाली पेन्सिलीने तारीख. तडा वाढला तर सील फुटेल. यात मला फसवणारा अजून जन्मायचा आहे.

स्टूल धरायला हिला हाक मारली तर ही घरात नाही. हल्ली दुपारी तीनला वाचनालयात जाते. या वयात वाचून काय परीक्षा द्यायची आहे कोण जाणे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सील शाबूत. कवळीवाला जिन्यात भेटला. म्हणतो, "काका, तुमच्याकडे कुणी चांगला सुतार आहे का? मागच्या खोलीचं दार लागत नाही. वरून घासतं."

मी म्हटलं, "टाकी आणल्यापासून ना?"

"नाही हो. चार वर्षं झाली. दोनदा रंधा मारून घेतला, तरी वर्षभरात परत घासायला लागतं."

धादांत खोटं. चार वर्षांपूर्वी टाकी कुठं होती? टाकी नसताना दार कशाने घासेल? खोटं बोलायचं तर माणसाने निदान मागचापुढचा मेळ घालावा. त्याचं वाक्य जसंच्या तसं इथं उतरवून ठेवलं आहे, मीटिंगमध्ये कामाला येईल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी ही वाचनालयातून आली. हातात पुस्तक नाही. उजवी बाही कोपरापर्यंत ओली. विचारलं तर म्हणाली, "नळ उडाला." सार्वजनिक ठिकाणच्या नळांची ही अवस्था आहे.

जेवताना आपणहून बोलली. असं फार होत नाही. "काही मासे असे असतात, मादी पिल्लं तोंडात सांभाळते. पंधरा-वीस दिवस. तेवढे दिवस ती काही खात नाही."

"कुठं वाचलंस?"

"वाचायला कशाला पाहिजे," म्हणाली आणि ताट उचललं.

वाचनालयात हल्ली काय भरताड ठेवतात याचा हा नमुना. उपाशी राहून तोंडात पिल्लं! माशाला एवढी अक्कल असती तर तो गळाला लागला नसता.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सील फुटलं.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाहिलं. बरोबर मधोमध चिरलं आहे, अर्धा तुकडा खाली फरशीवर पडला होता. मला खोटं कशाला लिहू, आनंद झाला. नोकरीत तराजूचा दांडा तपासताना खाली चिकटवलेली चकती हाताला लागायची तेव्हा व्हायचा तसाच.

तडक सेक्रेटरीकडे गेलो. तो आमच्या शेजारी राहतो, चष्म्याचं दुकान चालवतो. अख्ख्या गावाला चष्मे विकतो, पण स्वतःला दिसत काही नाही. तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने उलटसुलट करून विचारलं, "हे काय आहे?"

"पुरावा," मी म्हटलं. "तज्ज्ञ बोलवा. इमारतीची तपासणी झाली पाहिजे. खालपासून वरपर्यंत. कुणाचाही मुलाहिजा न ठेवता."

तो म्हणाला, एवढं कशाला, आपण त्याला टाकी अर्धी करायला सांगू. या बोटचेपेपणामुळेच लोकांचं फावतं. मी लेखी अर्ज दिला. त्यात 'खालपासून वरपर्यंत' या शब्दांखाली रेघ मारली.

घरी येऊन हिला म्हटलं, आठ दिवसांत टाकी खाली उतरते बघ. ही बटण लावत होती. सुई थांबली. "सगळी?" तिने विचारलं.

"सगळी म्हणजे सगळी. मासेसुद्धा."

दिवसभर बोलली नाही. डोकं दुखत असेल.

१ मार्च, शनिवार

इंजिनिअर आला, म्हणजे आली. तिशीची पोरगी, खांद्याला पिशवी, हातात खेळण्यातला वाटावा एवढा हातोडा. मी तज्ज्ञ मागितला होता. तरीही माझा वजनाचा कागद दिला. तिने वाचला आणि म्हणाली, "नऊशे साठ. बरोबर काढलंय, सर." बरोबरच असतं, मी म्हटलं.

आधी वर गेलो. तिने टाकीच्या चारी बाजूंनी फरशीवर ठोकून पाहिलं. मग पिशवीतून काचेची गोटी काढून खोलीच्या मधोमध ठेवली. गोटी सावकाश निघाली आणि टाकीमागच्या भिंतीला जाऊन टेकली. कवळीवाल्याचा चेहरा उतरला. दाराबद्दल विचारलं तर त्याने चार वर्षांचं तेच पुराण लावलं. मी मोठ्याने हसलो. पोरगी हसली नाही, तिने लिहून घेतलं.

"टाकीची जागा अगदी योग्य आहे," ती म्हणाली. "घरातल्या जमिनीवर एवढी टाकी मध्येच कुठंतरी ठेवली असती तर मी आधी पाणी काढायला लावलं असतं. पण खाली नऊ इंची भिंत असेल तर इथं याच्या दुप्पट वजनसुद्धा चालेल."

कवळीवाल्याने सुस्कारा टाकला. मी म्हटलं, "खाली चला. खाली काय आहे ते दाखवतो."

खाली ती हॉलच्या दारातच थांबली. मी तडा दाखवायला स्टूल ओढत होतो, पण तिचं लक्ष छताकडे नव्हतंच. "सर, भिंत कुठंय?"

"कुठली?"

"ही." तिने हवेत आडवा हात फिरवला.

"ती काढली. अकरा वर्षं झाली. हॉल मोठा केला." आणि हॉल किती फुटी आहे तेही सांगितलं, कारण येणारे सगळे ते विचारतात.

ती माझ्याशी बोललीच नाही. खिडकीकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्ही जरा तिथून उठता का? लगेच."

ही मशीनपाशी बसली होती. उठली. फुलदाणी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"तुमच्या कागदात एक वजन राहिलंय, सर," पोरगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "टाकीमागची भिंत. नऊ इंची, दहा फूट उंच. तिचं वजन साधारण पाच टन. टाकी महिनाभराची आहे. ती भिंत अकरा वर्षं कशावर उभी आहे?"

मी कागद घेतला आणि पुन्हा वाचला. पाणी, काच, वाळू, दगड, स्टँड. भिंत नव्हती. म्हटलं, भिंत ही वस्तू नाही, ती इमारतीत मोजतात. हे मी का म्हटलं मला ठाऊक नाही.

"तिथं माझी खोली होती," ही इंजिनिअरला म्हणाली. पत्ता सांगावा तसं.

कवळीवाला दारात उभा होता. आता हा तोंडसुख घेणार म्हणून मी तयार होतो. मी त्याच्या जागी असतो तर सोडलं नसतं. तो म्हणाला, "काकू, मी आधी मासे काढतो. मग पाणी."

आणि ही म्हणाली, "पिवळ्या मादीला वेगळ्या बादलीत घ्या. तिच्या तोंडात पिल्लं आहेत अजून."

२ मार्च, रविवार

हॉलमध्ये सात लोखंडी टेकू उभे आहेत, फरशीपासून छतापर्यंत. आरामखुर्ची दोन टेकूंच्या मध्ये बसत नाही. काल संध्याकाळपर्यंत वरचं पाणी नळीने खाली सोडलं. मासे आमच्या न्हाणीघरात आहेत, पाच बादल्या आणि एक टब. आंघोळीला सेक्रेटरीकडे जावं लागलं. त्याने टॉवेल दिला आणि काही बोलला नाही. याला कुणीतरी बोलायला शिकवायला हवं होतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

ही महिनाभर दुपारची वर जात होती हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. विचारलं, "आणि वाचनालय?"

"पहिले दोन दिवस गेले होते. तिथं पंखा बंद असतो."

"वर काय करायचीस?"

"बसायचे." मग म्हणाली, "ते मागच्या खोलीत दात घासत असायचे. मी पुढे टाकीसमोर. कधी दगड हलवायचे आत हात घालून. कुणी काही विचारायचं नाही."

तासन्‌तास मासे बघत बसायचं. यांच्यापैकी एकालाही करमणुकीचं दुसरं साधन सापडू नये.

मात्र एक लिहून ठेवतो. रोज दुपारी तीन ते साडेचार ही टाकीपाशी आणि सकाळी मशीनपाशी, म्हणजे एकदा त्या वजनाच्या वर आणि एकदा खाली. मी त्या वेळी आरामखुर्चीत, गर्डरपासून आठ फूट लांब. हे अंतर आज मोजलं.

४ मार्च, मंगळवार

पोरीने गर्डरचं प्लास्टर फोडून घेतलं. सेक्रेटरीने 'भिंत कशी काढली, काय टाकलं' याचा लेखी खुलासा मागितला आहे, म्हणून मी वही घेऊन खाली उभा होतो. मी सांगितलं, "लिहा. सहा इंची गर्डर, नग एक."

ती स्टुलावरून म्हणाली, "दोन आहेत, सर."

"एक."

"वर येऊन बघता का?"

चढलो. दोन होते. शेजारी शेजारी, मध्ये सिमेंट भरलेलं, दोन्ही मिळून एकच जाळी गुंडाळलेली. खालून प्लास्टरचा एकच पट्टा दिसायचा. मी स्वतः टेप लावून उंची मोजली होती, सहा इंच बरोबर भरली होती. रुंदी मोजली नव्हती. रुंदीला कोण फसवतं?

"एक असता तर?" मी विचारलं.

"तर एवढी वर्षं निघाली नसती," ती म्हणाली. "हे दोन आहेत आणि तेही बोटभर वाकलेत. वाकायला टाकी लागलीच नाही, दार चार वर्षं घासतंय म्हणजे आधीपासून चाललंय. टाकीमुळे नुसतं तुमच्या लक्षात आलं. खरं तर बरंच झालं ती आणली ते."

रात्री खुलाशाचा कच्चा मसुदा केला: 'सदर गवंड्याने मान्य केलेल्या कामात परस्पर फेरफार करून मला अंधारात ठेवले.' वाचून पाहिलं. वाक्य खात्यात शोभेल असं आहे. एक मागितला आणि दोन दिले, अशी तक्रार कुठल्या रकान्यात घालायची ते मात्र कळेना. झोपलो.

९ मार्च, रविवार

भिंत परत बांधायची. नऊ इंची, जुन्या पायावर. काम करायला तोच गवंडी आला, सेक्रेटरीने शोधून काढला. आता पाठीत वाकलाय, विटा मुलगा उचलतो, हा ओळंबा धरतो. मला बघून म्हणाला, "साहेब, बरे आहात ना?" माझी जी काही शोभा झाली आहे ती याला नक्कीच कळली असणार. मी नुसती मान हलवली.

मग हिला म्हणाला, "ताई, खोली परत देतोय तुमची."

ही हसली. पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

दुपारी तो पाणी प्यायला बसला तेव्हा मी समोर जाऊन उभा राहिलो. चौकशीचा आवाज आपोआप लागला. "एक गर्डर ठरला होता. दोन कसे?"

"दोनच टाकले होते साहेब." त्याने ग्लास खाली ठेवला. "दुसरा माझ्याकडचा होता. आधीच्या कामातून उरलेला, अंगणात गंजत पडला होता. तुम्ही सहा इंचीच्या वर जाऊ देईनात, मग म्हटलं शेजारी लावू. खालून दिसत नाही."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं. दोनदा." चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. "मी ताईंना विचारलं, मशीन कुठं ठेवणार. ताई म्हणाल्या, हे काय, इथंच. म्हणजे बरोबर खाली. मग काय करणार?"

त्याने पाणी संपवलं आणि उठला. अकरा वर्षांत एकदाही सांगायला आला नाही, मागायला आला नाही.

चौतीस वर्षांत मी नऊ हजारांवर तराजू तपासले. सगळे एकाच बाजूने खोटे असायचे, घेणाऱ्याला कमी मिळेल अशा. त्यावरून माणसाबद्दल जे मत झालं ते मी कधी लपवलं नाही, घरातसुद्धा नाही. ठरल्यापेक्षा जास्त देऊन ते झाकून ठेवणारा असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तपासायची सोयच नव्हती त्याची. मी या माणसाला अकरा वर्षं कामचुकार म्हणत आलो आहे, लोकांना गोष्ट म्हणून सांगत आलो आहे. मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, नाही सापडला.

मसुदा फाडला. खुलाशात लिहिलं: भिंत मी काढली. गवंड्याने नको म्हटलं होतं. एक गर्डर मी ठरवला, दुसरा त्याने स्वतःचा टाकला, त्यामुळे घर उभं आहे. खाली सही.

सेक्रेटरीने वाचून चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत वाचलं.

६ एप्रिल, रविवार

भिंत झाली. हॉल उरला नाही. पुढे अरुंद बैठक, मागे कोंदट खोली, बाकी तिघांसारखंच. आरामखुर्ची दाराच्या वाटेत येते.

वरची टाकी पुन्हा भरायला हरकत नाही असं इंजिनिअरने लेखी दिलं आहे. पण मासे महिनाभर आमच्याकडे राहिले, मधल्या काळात पिवळ्या मादीने पिल्लं सोडली, ती हिच्या हातावर येतात म्हणे. कवळीवाल्याने गेल्या आठवड्यात सपाता दाराबाहेर काढून विचारलं, "काका, टाकी काकूंच्या खोलीत लावली तर चालेल? तळमजला आहे, फरशीखाली दगडमातीच आहे. वजनाची काही काळजीच नाही."

वजनाची काळजी नाही हे मला सांगतो. मी म्हटलं, लाव.

आता तो रोज संध्याकाळी दात संपवून खाली येतो आणि दोघं टाकीसमोर बसतात, न बोलता. मशीन खिडकीपाशी आहे, कापड काढून टाकलं. फुलदाणी कुठं गेली माहीत नाही. मासे मूर्ख आहेत हे माझं मत कायम आहे. काचेजवळ बोट नेलं की तेवीसच्या तेवीस धावत येतात, दर वेळी.

आज तो वर गेल्यावर मी दारात उभा राहून हिला विचारलं, "तुला ठाऊक होतं? दोन गर्डरचं?"

ही बॉबिन भरत होती. "हो. हातगाडीवरून दोन उतरताना मी पाहिलं होतं."

"अकरा वर्षं! मग मला सांगितलं का नाहीस?"

तिने मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुम्ही एक काढायला लावला असता," ती म्हणाली.

मी बैठकीत येऊन बसलो. बराच वेळ विचार केला, प्रामाणिकपणे, सगळ्या बाजूंनी. पलीकडे मशीन परत सुरू झालं होतं.

लावला असता.